दुय्यम नाकेदारांची निषेध सभा

बाळाराम भोईर खुर्चीवरून इतक्या रागाने उठले की खुर्ची मागे पडली आणि मागच्या माणसाच्या पायावर आदळली. तो माणूस "आई गं!" म्हणून ओरडला, तेव्हा व्याख्यात्या बाई नेमक्या पाण्याचा घोट घेत होत्या. त्यामुळे ते ओरडणे सगळ्या सभागृहाला स्वच्छ ऐकू गेले. भोईरांना वाटले, बरे झाले. ओरडायचे होते आपण, पण निदान कोणीतरी ओरडले.

वाचनालयाच्या फळ्यावर खडूने लिहिले होते, 'यंत्रमागाच्या गल्लीतील उपसंस्कृती. व्याख्यात्या : प्रा. कुमुद नगरकर, मुंबई.' भोईरांनी त्यातला 'गल्ली' एवढाच शब्द नीट वाचला होता. आपल्या गल्लीचे गटार अखेर कोणीतरी मनावर घेतले, अशा समजुतीने ते पहिल्या रांगेत जाऊन बसले. बाई व्यासपीठावर आल्या तेव्हा ओळख पटली. ही तर ती शबनम पिशवीवाली मुलगी! दोन वर्षांमागे आपल्याच निजामपुऱ्यात घरोघर हिंडायची. भोईर ड्युटीवर असताना घरी येऊन बसायची, आणि गुणाबाईंनी, त्यांच्या बायकोने, तिला तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी खाऊ घातली होती. एकदा नव्हे, अनेकदा.

आणि भाकरी खाल्लेल्या त्याच तोंडाने बाई म्हणाल्या, "या उपसंस्कृतीचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणून मी एकच नाव घेईन. कैलासवासी गुणाबाई भोईर."

पुढे त्या काय म्हणाल्या ते भोईरांनी ऐकले नाही. खुर्ची पडली ती तेव्हाच.

आता 'उप' म्हणजे काय हे बाळाराम भोईरांना कोणी शिकवायची गरज नव्हती. सबंध नोकरी त्यांनी नगरपालिकेच्या जकात नाक्यावर काढली, आणि पहिल्या दिवसापासून निवृत्तीच्या हारापर्यंत ते दुय्यम नाकेदार होते. मुख्य नाकेदार आले, गेले, एक तर खुर्चीतच वारले, पण भोईर दुय्यमच राहिले. उप, दुय्यम, सहायक, नायब, ही सगळी एकाच घरातली भावंडे. वरच्याच्या चहातला उरलेला चहा बशीत ओततात, त्या बशीची ही नावे. गल्लीतले लोक त्यांना नुसतेच 'नाकेदार' म्हणत. 'दुय्यम' प्रेमाने गाळत. भोईरांना ते गाळणे रोज ऐकू येई.

पण आपण दुय्यम राहिलो ते पुरे होते. तिला कशाला? जिने आयुष्यात कोणाला एक वाकडा शब्द ऐकवला नाही, आणि सरळ तरी कुठे फारसा ऐकवला, ती अबोल बाई जाऊन वर्ष होत आले, तर तिला मेल्यावर 'उप' लावायचा?

गल्लीच्या तोंडाशी राघो शिंप्याचे दुकान होते. भिवंडीत त्या काळी प्रत्येक गल्लीला एक सल्ला देणारा असे, आणि त्याला शिवणकामातून वेळ मिळे. राघोने सगळे ऐकून घेतले, तोंडातला दोरा बाहेर काढला आणि म्हणाला, "नाकेदार, निषेध करा."

"कसा?"

"सभा घेऊन. आणीबाणीत तोंड शिवून बसलो होतो सगळे. आता उठली, तर लोक निषेध करायला काही मिळतंय का ते बघतायत. तुमच्याकडे तयार माल आहे."

"कधी घेऊ?"

"बाईंचं वर्षश्राद्ध कधी?"

"येत्या गुरुवारी."

"मग झालं तर. सकाळी पिंड, संध्याकाळी निषेध. आणि त्या प्राध्यापक बाईंना कार्ड टाका. ज्याचा निषेध करायचा त्याला कळायला नको? नाहीतर तो निषेध कसला, ती चहाडी झाली."

हा मुद्दा भोईरांना पटला. आपण चहाडी करणारे नव्हे. त्यांनी त्याच संध्याकाळी कार्ड टाकले.

निषेध करण्याआधी शब्दाचा अर्थ तरी पाहावा, म्हणून दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात गेले. ग्रंथपालाने आधी खुर्ची मोडल्याचे बोलून दाखवले, मग जाडजूड कोश काढला आणि वाचले, "मोठ्या संस्कृतीच्या पोटात असलेली लहान संस्कृती. स्वतःच्या चालीरीती, खुणा आणि बोलण्याची ढब असलेला समाजातला गट."

"पोटात?" भोईर म्हणाले.

"पोटात."

"म्हणजे पोटभाडेकरू असतो तसं?"

ग्रंथपाल विचारात पडला. "तसं म्हणायला हरकत नाही. पण यात कमीपणा काही नाही हो. कोळ्यांची असते, वकिलांची असते, रात्री ब्रिज खेळणाऱ्यांची पण असते. तुमच्या जकात नाक्याचीसुद्धा असेल."

"जकात नाक्याला नियमावली असते," भोईर म्हणाले आणि तरातरा बाहेर पडले. राग आता दुप्पट झाला होता. आधी नुसता 'उप' होता, त्यात 'पोट' आले.

घरी आले तर बारा वाजले होते, आणि बारा वाजता रोज जे व्हायचे ते झाले.

भोईरांची खोली पहिल्या मजल्यावर. समोर, गल्लीच्या पलीकडे, फखरुद्दीनशेठचे घर. खाली त्यांचा मागांचा कारखाना, वर सज्जा. दोन घरांच्या मधे सात-आठ हातांचेच अंतर, पण खालच्या मागांची खटखट अशी की या खिडकीतला शब्द त्या सज्जात जिवंत पोचत नसे. रोज दुपारी शेठची बायको जोहराबी सज्जात यायची, भोईरांच्या खिडकीकडे बघायची, आपला उजवा हात कोपरापासून उभा धरायची आणि सावकाश आडवा खाली आणायची. मग दोन बोटे दुसऱ्या तळहातावर आपटायची.

याचा अर्थ लहान पोरालाही कळेल, असे भोईरांचे मत होते. हात खाली, म्हणजे बंद करा. दोन बोटे, म्हणजे ताबडतोब. खिडकी बंद करा! का, तर समोर बायकांचा सज्जा आहे आणि नाकेदार आता एकटे आहेत. गुणाबाई होत्या तोवर ही खिडकी सताड उघडी चालत होती. बाई गेल्या आणि महिनाभरात बंद करा! भोईर वर्षभर रोज दुपारी ती खिडकी धाडकन लावून घेत आणि मग अंधारात बसून पावाचा तुकडा चहात बुडवून खात. अपमानाने त्यांना भूक लागत नसे.

शिवाय त्यांना हातवाऱ्यांची मुळातच चीड होती. मागावरचे कारीगर खटखटीमुळे आपसांत खुणांनीच बोलतात, हे त्यांना ठाऊक होते. कारखान्यात ठीक आहे. पण घरंदाज माणसाने तोंडाने बोलावे, नाहीतर गप्प बसावे. लग्नानंतर एकदाच गुणाबाईंनी खिडकीतून कोणाला तरी हात हलवला होता, तेव्हा भोईरांनी त्यांना ठणकावले होते, "आपण काय टांग्यावर बसलोय?" त्यानंतर गुणाबाईंनी त्यांच्यासमोर बोटसुद्धा हलवले नाही. अशी ती बाई.

त्यांनी आजही खिडकी लावली, नेहमीपेक्षा जोरात, आणि परवानगी काढायला पोलीस चौकीवर गेले.

"विषय?" जमादाराने विचारले.

"निषेध."

"कुणाचा?"

"शब्दाचा."

जमादाराने टाक खाली ठेवला. "शब्द राहतो कुठं?"

"मुंबईत."

"मग मुंबईच्या चौकीत जा."

"पण उच्चारला इथे. वाचनालयात."

"मग वाचनालयाचा निषेध करा. त्याला पत्ता आहे." जमादाराने पुन्हा टाक उचलला. "कुठला शब्द म्हणालात?"

भोईरांनी सांगितला. जमादाराने तो एकदा मनात आणि एकदा मोठ्याने म्हणून पाहिला, आणि त्याचा चेहरा बदलला. "नाकेदार, तुम्ही सभ्य माणूस. संस्कृती आली की लोक जमतात. लोक जमले की मला जादा माणसं मागवावी लागतात. भिवंडी आहे ही. असं करा, तुमच्या बाईंचं श्राद्ध आहे ना? मी 'धार्मिक कार्यक्रम, श्राद्धाचे जेवण, लाउडस्पीकरसह' असं लिहितो. आत तुम्ही काय बोलायचं ते बोला. बरं, जेवण किती वाजता?"

"जेवण नाही. सभा आहे."

"कागदावर जेवण आहे," जमादार म्हणाला. "मी येतो."

एव्हाना तो शब्द भोईरांच्याही पुढे धावत होता. भिवंडीत कापड विणायला वेळ लागतो, बातमी तयारच मिळते. नळावर एक बाई दुसरीला म्हणाली, "हंडा काढ गं, ए उपसंस्कृती!" पानवाला गिऱ्हाइकाला म्हणाला, "अपनी उपसंस्कृती में चूना थोड़ा जास्ती चलता है।" कारखान्यात उशिरा येणाऱ्या कारीगराला मुकादमाने तीच शिवी दिली आणि त्याने ती परत दिली. भोईर प्रत्येक ठिकाणी थांबून सांगत, "अहो, हा शब्द वापरू नका, त्याचा निषेध व्हायचाय अजून," आणि लोक विचारत, "कशाचा? उपसंस्कृतीचा?" आणि पुन्हा एकदा वापरत. मंगळवारी तर नगरपालिकेच्या उपनगराध्यक्षांचा माणूस आला. साहेबांनी विचारलेय, ही 'उप'च्या विरुद्धची सभा म्हणजे आमच्यावर रोख आहे काय? असल्यास साहेब येणार नाहीत, नसल्यास अध्यक्षस्थान कोणाचे? भोईरांनी त्याला हात जोडले.

उरला प्रश्न खटखटीचा. भोईर फखरुद्दीनशेठकडे गेले. जोहराबीमुळे त्या घराची पायरी ते वर्षभर चढले नव्हते. आजही चढले नाहीत. पायरीखालूनच बोलले.

फखरुद्दीनशेठ तपकीर ओढत खाली आले. "नाकेदार! वर या ना. परके काय तुम्ही?"

"वर नको. गुरुवारी संध्याकाळी तासभर माग बंद ठेवाल का, एवढंच विचारायला आलोय."

"शुक्रवारी घ्या ना सभा. जुम्मा, सगळी गल्ली बंद. पाखराचा आवाज ऐकू येतो."

"तिथी गुरुवारी आहे. तिथीला जुम्मा कळत नाही."

शेठ शिंकले. "माझे लूम मी बंद करीन हो. गुणाभाभींची मैयत निघाली तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणी सांगितलं होतं? आपोआप बंद झाले. पण ती मैयत होती. भाषणासाठी माग बंद केले तर बाकीचे मालक म्हणतील, फखरुद्दीन पिसाळला. माझे बंद, त्यांचे चालू, तर काय फायदा? त्यापेक्षा मोठा भोंगा लावा."

हे खरे होते. प्रेत गल्लीतून जाताना सगळे माग थांबत, आणि प्रेत नाक्यावर वळले की पुन्हा सुरू होत. त्या दिवशी आलेली शांतता भोईरांना अजून आठवे. तेवढी शांतता त्यांनी या गल्लीत पूर्वी कधी ऐकली नव्हती, आणि तेव्हा बोलायला कोणी नव्हते.

ते निघाले, तेव्हा वर सज्जात जोहराबी उभी होती. तिने त्यांच्याकडे बघत हात आडवा खाली आणला, दोन बोटे आपटली. आता तर खिडकीही नव्हती समोर! सार्वजनिक रस्त्यावर उभ्या माणसाला काय बंद करायला सांगता? भोईर लालबुंद होऊन घरी आले.

गुरुवार उजाडला. सकाळचे विधी झाले. संध्याकाळी मारुतीच्या देवळापाशी फळ्यांचे व्यासपीठ, भोंगा आणि सतरंजी अशी व्यवस्था झाली. फखरुद्दीनशेठने कोरे कापड फुकट दिले होते, आणि पेंटरने त्यावर इतकी मोठी अक्षरे काढली की मजकूर दोन कापडांवर गेला. एकावर 'कै. गुणाबाई भोईर यांच्या उपसंस्कृतीबद्दल', दुसऱ्यावर 'जाहीर निषेध सभा'. दोन्ही शेजारी लावायची होती. पण भोंगेवाल्याला दोर बांधायला खांब हवा होता, म्हणून त्याने दुसरे कापड काढून गल्लीच्या पार त्या टोकाला, म्युनिसिपल मुतारीवर लावले. त्यामुळे तिकडून येणाऱ्यांचा समज झाला की निषेध मुतारीचा आहे, आणि त्याला सर्वांचा मनापासून पाठिंबा होता. इकडून येणाऱ्यांना वाटले की गुणाबाईंना मरणोत्तर काहीतरी पदवी मिळाली आहे. दोन म्हाताऱ्यांनी कापडाला नमस्कार केला.

तेवढ्यात टेम्पो आला. त्यातून वळ गावचा अनंता, म्हणजे गुणाबाईंचा भाऊ, आणि त्याच्यामागून त्याची सगळी भावकी उतरली. बायका, म्हातारे, कडेवरची पोरे.

"भावजी, जेवान कवा हाय?" अनंताने विचारले.

"कसलं जेवण? सकाळी श्राद्धाचं पान झालं. ही सभा आहे!"

"सभा कशी? चौकीवरच्या जमादारानं आमच्या दूधवाल्याला सांगितलं, नाकेदाराकडं मोठं जेवान हाय, सरकारी परवानगीचं. आमी सकाळधरनं काय खाल्लं न्हाय."

जमादारही आला होता, आणि पट्टा सैल करून आला होता.

याच वेळी प्रा. नगरकर बाई शबनम पिशवी आणि मोगऱ्याचा हार घेऊन आल्या. भोईरांना नमस्कार करायला वाकल्या, तर भोईर बाजूला झाले. बाई मागे जाऊन बायकांत बसल्या. राघो कानाशी लागला, "नाकेदार, सुरू करा. लोक भुकेले आहेत. भुकेला माणूस निषेधाला उत्तम."

भोईर उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते भोंग्यापुढे उभे होते. "बंधूंनो आणि भगिनींनो," ते म्हणाले, आणि गल्लीतल्या मागांनी ते वाक्य जागच्या जागी विणून टाकले. स्वतःचा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू येईना. ते ओरडले. भोंगाही ओरडला. समोरचे लोक त्यांच्या तोंडाकडे, माशाकडे पाहावे तसे पाहत होते.

पण वर सज्जांमध्ये काहीतरी चालले होते. जोहराबीने हात आडवा खाली आणला. झालेच! भर सभेत, बंद करा! मग तिने पोटावर मूठ फिरवली, टेम्पोकडे बोट केले आणि पाची बोटे दोनदा उघडली. पलीकडच्या सज्जातल्या आनंदीबाईंनी, म्हणजे राघोच्या बायकोने, तेच हात पुढच्या खिडकीकडे केले. खिडकीतून खिडकीकडे, सज्जातून गच्चीकडे ते हात गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि तिकडून दुसरेच काही हात परत आले. भोईर 'उपमर्द' या शब्दापर्यंत पोचले होते, तोवर एका दारातून परात बाहेर आली. दुसऱ्यातून पत्रावळी. जोहराबीच्या घरचे तांदूळ आनंदीबाईंच्या चुलीकडे गेले, कारण श्राद्धाचा भात कोणत्या चुलीवर शिजायला हवा, हेही कोणीतरी बोटांनी ठरवले होते. कोणी हाक मारली नव्हती. कोणी जिना उतरून विचारायला गेले नव्हते. भावकी सतरंजीवर ओळीने बसली, आणि जमादार पहिल्या पानावर.

आपली सभा डोळ्यांदेखत पंगत होते आहे, हे पाहून भोईरांचा तोल गेला. त्यांनी भोंग्याला दोन्ही हातांनी धरले, छाती भरून श्वास घेतला आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे वाक्य फेकले. नेमकी त्याच क्षणी वीज गेली.

माग थांबले. एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भोंगा मेला. आणि त्या शांततेत बाळाराम भोईरांचा, मागांच्या वर चढवलेला आवाज एकटाच सगळ्या गल्लीभर घुमला,

"माझी बायको अबोल होती!"

 मग वर कुठेतरी एक बाई फिस्सकन हसली. मग दुसरी. मग सज्जे, खिडक्या, गच्च्या, जिने, सगळीकडून हसू कोसळले. आनंदीबाईंनी हातातला झारा खाली ठेवला आणि भिंतीला टेकून हसल्या. वळच्या भावकीला काय झाले ते कळले नाही, पण जेवण मिळत होते म्हणून तीही हसली.

"कोण हसलं?" भोईर म्हणाले. "मेलेल्या माणसाला हसता? लाज वाटत न्हाय?" रागात त्यांच्या तोंडी मूळ गावची, दिघाशीची बोली येई.

जोहराबी सज्जाच्या कठड्याशी आली. पदराने डोळे पुसत होती; हसून की कशाने, ते खालून दिसत नव्हते. "नाकेदार, माफ करा. पण गुणा आणि अबोल? अहो, दुपारी ती खिडकीत उभी राहिली की अख्ख्या गल्लीचा स्वयंपाक करपायचा. तिला उत्तरं देऊन देऊन आमचे हात दुखायचे. रात्री तेल चोळायचो आम्ही."

"खोटं आहे! तिनं कधी बोट हलवलं नाही."

"तुमच्यासमोर," आनंदीबाई म्हणाल्या.

मागे बसलेल्या नगरकर बाई उभ्या राहिल्या. "भोईरकाका, तुम्ही त्या दिवशी लवकर उठलात. पुढचं वाक्य हेच होतं. या गल्लीतल्या बायकांची स्वतःची खुणांची बोली आहे, आणि त्यातल्या निम्म्या खुणा गुणाबाईंनी बसवल्या. कारखान्यातल्या खुणा मागापुरत्या. संसाराच्या खुणा त्यांच्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा रिवाज सगळ्यांचाच. म्हणून त्यांनी प्रत्येक नवऱ्याला एक खूण दिली."

"प्रत्येक नवऱ्याला?" फखरुद्दीनशेठ पुढे आले. "मला पण?"

वरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मग कोणीतरी चिमूट नाकाशी नेली आणि मोठ्याने शिंकल्याचा आविर्भाव केला. सबंध गल्ली पुन्हा हसली. राघोची खूण म्हणजे जिभेवर ओला केलेला दोरा, पण सुईत न जाणारा. तीनदा न जाणारा. राघो म्हणाला, "हा अपमान आहे." शेठ म्हणाले, "घरात घुसून माणसाची बेइज्जती!" गल्लीतले नवरे एकाएकी संतापले, आणि निषेध सभेत त्या दिवशी पहिल्यांदा निषेध ऐकू आला. पण तो कोणाचा करायचा? जी दोषी होती तिचे वर्षश्राद्ध चालू होते.

"आणि माझी?" भोईरांनी विचारले.

जोहराबीने हात पदराखाली घेतले. "राहू दे, नाकेदार."

"दाखवा."

तिने उजवा हात कोपरापासून उभा धरला. आणि सावकाश आडवा खाली आणला.

भोईर बघत राहिले. तो हात म्हणजे जकात नाक्याचा बांबू होता. गाडी आली की ते दोर सोडायचे, बांबू असाच खाली यायचा, सावकाश, शेवटी जरासा हेलकावा घेऊन. तो हेलकावासुद्धा जोहराबीच्या मनगटात होता. तो हेलकावा पाहायला कोणीतरी कधीतरी नाक्यापर्यंत आले असले पाहिजे.

"खाली म्हणजे तुम्ही रागात," आनंदीबाई हळूच म्हणाल्या. "वर म्हणजे आज सगळं ठीक, रस्ता मोकळा. संध्याकाळी तुम्ही घरी आलात की गुणावहिनी तुमच्या पाठीमागून दाखवायच्या. फार वेळा खालीच असायचा."

"मग ती दोन बोटं?" भोईरांनी विचारले. "रोज दुपारी. तळहातावर."

"जेवलात का," जोहराबी म्हणाली. "इस्पितळात नेताना तिला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणली ना, तेव्हा तिनं माझ्याकडे बघून हात असा केला. नीट उचलत नव्हता. पण केला. आणि मग दोन बोटं. म्हणजे, यांना विचारत जा. मी रोज विचारलं, नाकेदार. तुम्ही रोज खिडकी लावलीत. मला वाटलं, माझं विचारणं आवडत नाही. पण तिनं सांगितलेलं, म्हणून सोडता येईना."

भोईर व्यासपीठाच्या फळीवर बसले. त्यांना राग आला होता, पण तो कोणावर काढावा ते सापडेना. त्या बाईने सबंध गल्लीला बोलायला शिकवले आणि आपल्याला सांगितले नाही. का सांगेल? आपणच तिला टांग्याचे ऐकवले होते. मोठ्या संस्कृतीच्या पोटात लहान संस्कृती, असे कोशात लिहिले होते. भोईर त्या लहान संस्कृतीच्या पोटात नव्हतेच; ते बाहेर, नाक्यावर उभे होते, आणि तिथेही दुय्यम.

"काका," नगरकर बाई म्हणाल्या, "तो शब्द तुम्हाला लागला असेल तर मी मागे घेते."

भोईर काही बोलणार तोच वीज आली. माग धडधडले, भोंगा किंचाळला. बाई अजून ओठ हलवत होत्या. भोईरांनी त्यांच्या हातातला हार घेतला, कापडावरच्या 'उपसंस्कृतीबद्दल' या अक्षरांवरच घातला, आणि हात जोडले. त्याचा अर्थ बाईंनी काय लावायचा तो लावला असेल. जमादार तिसऱ्यांदा भात मागत होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, जुम्मा. माग बंद. बोलले तर समोर सहज ऐकू गेले असते. बारा वाजता भोईर खिडकी उघडून उभे राहिले. जोहराबी सज्जात आली. तिने हात खाली आणला, दोन बोटे आपटली, आणि सवयीने डोळे मिटले, खिडकीच्या आवाजासाठी.

आवाज आला नाही. तिने डोळे उघडले.

भोईरांनी उजवा हात समोर आडवा धरला होता. कोणी पाहत नाही ना, म्हणून त्यांनी एकदा खाली गल्लीत बघितले. मग तो हात कोपरापासून सावकाश वर नेला, अगदी उभा, सरळ. शेवटी जरासा हेलकावा घेऊन. आणि मान हलवली. नाही जेवलो.

डबा आला, जुनी नऊवारी पिळून केलेल्या दोरीला बांधून, त्या सज्जातून या खिडकीत. आत वरण-भात होता. वरण अळणी होते. चक्क अळणी! माणसाला वर्षभर उपाशी ठेवायचे आणि मग असे वरण पाठवायचे, ही कुठली रीत? भोईर तावातावाने खिडकीशी गेले, हात वर केला, आणि तसेच थांबले. मिठाची खूण त्यांना येत नव्हती.

त्यांनी आनंदीबाईंच्या सज्जाकडे पाहिले आणि घसा न खाकरता, नुसती बोटे हलवून त्यांचे लक्ष वेधायचा प्रयत्न करू लागले.